खेळून आला की चिंचिलाचे कान लाल : परभणीच्या उकाड्यात सापडलेली कारणं

माझं परभणीत कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. मोटारीचं वाइंडिंग, पंप बदलणं, ताट्यांत गवत भरणं, कंडेन्सर टाकून पंखा पळवणं. मार्च ते जून मला धड जेवायला सवड नसते. तरी आज मी चिंचिला, म्हणजे दाट मऊ लवेचा, उंदराच्या कुळातला प्राणी, पाळणाऱ्यांना कूलर बंद करायला सांगणार आहे. स्वतःच्याच पोटावर पाय म्हणा, पण मला हे समजायला दोन महिने लागले आणि तेवढ्यात जनावर हातचं जाता जाता राहिलं.

आधी तातडीचं. तुमचा चिंचिला आत्ता कुशीवर आडवा पडला असेल, तोंड उघडून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, उठवल्यावर झोकांड्या खात असेल, तर पुढचं नंतर वाचा. त्याला घरातल्या सगळ्यात थंड खोलीत न्या. माठातल्या पाण्यात फडकं भिजवून घट्ट पिळा आणि त्याने कान आणि तळवे पुसत राहा. बर्फाचं पाणी नको, बादलीत बुडवणं तर मुळीच नको. एकदम गार लागलं की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि उष्णता आतच कोंडते. शिवाय त्याची दाट लव एकदा भिजली की लवकर वाळत नाही. तोंडात जबरदस्तीने पाणी घालू नका, ठसका लागून छातीत जाईल. हे करता करताच डॉक्टरांना फोन लावा. अर्ध्या तासात उठून बसला तरी दाखवून आणा, कारण उष्माघाताने आतल्या अवयवांना झालेली इजा कधी कधी एक-दोन दिवसांनी कळते.

आता आमच्या घरची गोष्ट. लेक पुण्याला शिकायला आहे. तिच्या मैत्रिणीला चिंचिला सांभाळणं जमेना, म्हणून तो हिने घेतला. होस्टेलवर ठेवू देईनात, म्हणून जानेवारीत आमच्याकडे आला. रंग राखेसारखा, पण हात लावला की फुटलेलं कापसाचं बोंड. नाव पडलं बोंड्या. वजन अर्धा किलो, उडी मात्र माणसाच्या छातीपर्यंत. आमचे आबा पहिल्या दिवशी त्याला बराच वेळ न्याहाळत बसले आणि म्हणाले, "थंडीचं लेकरू दिसतंय. हितं कामून आणलं?"

आबांचं म्हणणं खोटं नव्हतं. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांचा, चिलीकडचा. तिथल्या उंचावर हवा कोरडी, रात्री कडाक्याच्या. त्या थंडीसाठी त्याच्या अंगावर एकेका छिद्रातून पन्नास-साठ केस निघतात. माणसाच्या डोक्यावर एका छिद्रातून एक-दोन, फार तर तीन-चार. १९२३ साली मॅथियास चॅपमन नावाच्या अमेरिकन माणसाने अकरा चिंचिला कॅलिफोर्नियाला नेले. ते डोंगरावरून खाली उतरवायलाच त्याने वर्षभर घेतलं आणि जहाजावर त्यांना बर्फाच्या गारव्यात ठेवलं, असं सांगतात. आमचा बोंड्या पुण्याहून परभणीला एका रात्रीत आला, जानेवारी होता म्हणून निभावलं.

जानेवारी-फेब्रुवारी मजेत गेले. इथे हिवाळ्यात पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा आम्ही गोधड्यांत आणि हा पठ्ठ्या रात्रभर चाकावर. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी बिघडली. संध्याकाळी साडेसातला त्याला हॉलमध्ये मोकळा सोडायचो. सोफ्यावरून शोकेसवर, तिथून टीव्हीच्या टेबलावर, पाऊण तास धुमाकूळ. परत पिंजऱ्यात गेला की कान लालभडक, त्यांतल्या शिरा उठून दिसायच्या. पोट फरशीला टेकवून चपातीसारखा सपाट पडायचा, आवडीची काडीसुद्धा हुंगायचा नाही. तास-दीड तासाने पुन्हा ठीक. दुसऱ्या दिवशी तेच.

थोडा लालपणा साहजिक आहे, हे सांगून ठेवतो. चिंचिलाला घाम येत नाही. अंगातली जास्तीची उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, तिथे लव नसते आणि रक्तवाहिन्या वरवर असतात. पळून आल्यावर कान गुलाबी होऊन दहा-पंधरा मिनिटांत निवले तर काळजी नको. बोटाची मागची बाजू कानाला लावून बघायची, तव्यासारखा लागला तर गडबड. आमच्याकडे तासभर तवाच.

संशय आधी चाकावर घेतला. ते प्लास्टिकचं होतं, लहान होतं, पळताना पाठ वाकायची. चिंचिलाला साधारण पंधरा इंच व्यासाचं, सलग पृष्ठाचं चाक लागतं. गजांच्या चाकात पाय अडकून मोडतो. चाक बदललं, बरं झालं, पण कान काही बदलले नाहीत. (त्या पारदर्शक गोल चेंडूत घालून फिरवण्याचा प्रकार व्हिडिओत दिसतो, तो तर नकोच. आत हवा कोंडते, आणि कानांतली उष्णता बाहेर पडायला वाटच उरत नाही.) मग पाणी तपासलं. बाटली खिडकीजवळ होती, दुपारपर्यंत पाणी चहाला ठेवल्यासारखं. जागा बदलली, सकाळ-संध्याकाळ माठातलं भरायला लागलो. तो पाणी जास्त प्यायला लागला, कान तसेच. घरचीने खेळण्याआधी दिला जाणारा मनुका बंद केला. ते तसंही बरोबर, गोड त्याच्या पोटाला सोसत नाही, पण कानांशी त्याचा संबंध नव्हता.

धुळीच्या अंघोळीवरही शंका गेली. चिंचिला पाण्याने अंघोळ करत नाही, ज्वालामुखीच्या दगडाच्या बारीक भुकटीत लोळतो. ती आम्ही खेळ संपल्या संपल्या द्यायचो. लोळणंसुद्धा मेहनतच की, म्हणून ती तासभर पुढे ढकलली, आठवड्यातून दोन-तीनदा, दहा मिनिटं. थोडा फरक पडला. भुकटी पुण्याहून मागवावी लागते म्हणून कुणी चुलीतली राख वापरू नका, ती खारट-तिखट असते आणि डोळ्यांना झोंबते. आपली काळी माती तर विचारूच नका, ओल लागली की तिचा चिखल आणि सुकली की ढेकूळ.

खरा धागा सापडला तो मंगळवारी. मंगळवारी माझं दुकान बंद. त्या दिवशी मी पहाटे पाचला उठून बोंड्याला सोडायचो आणि संध्याकाळी मित्रांकडे जायचो. घरचीला तो हातात येत नाही, म्हणून संध्याकाळी तो पिंजऱ्यातच. तिसऱ्या मंगळवारी ती म्हणाली, "अहो, आज त्याचे कान बरे होते बघा." मागचा मंगळवार आठवला, त्याच्याही मागचा आठवला. तिन्ही मंगळवारी बरे. जागा तीच, चाक तेच, पोरगं तेच. वेळ तेवढी वेगळी.

दुकानात गिऱ्हाईक येऊन "कूलर गार हवा देत नाही" म्हणतं, तेव्हा मी आधी तापमान बघतो, मग बोलतो. घरी मात्र मापच घेतलं नव्हतं. आतल्या खोलीत एसी आहे, पिंजरा तिथेच, त्यावर लावलेला तापमापक तेवीस दाखवतो, म्हणून आम्ही निर्धास्त. जनावर पळतं हॉलमध्ये आणि तापमापक टांगलाय आतल्या खोलीत! तीन-चारशे रुपयांत तापमान आणि हवेतली आर्द्रता दोन्ही दाखवणारी डिजिटल डबी मिळते, तशी आणखी एक आणली आणि हॉलमध्ये जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवली. संध्याकाळी साडेसातला आकडा आला : ३१ अंश, आर्द्रता ६४ टक्के.

आणि हॉलमध्ये कूलर चालू होता. माझ्याच हातचा, नवं गवत भरलेला, नव्या पंपाचा.

इथे माझ्या धंद्यातली गोष्ट जरा सविस्तर सांगू द्या, कारण मराठवाड्यातला जवळजवळ प्रत्येक चिंचिलावाला इथेच फसत असणार. कूलर हवा थंड करतो तो पाणी उडवून. ओल्या गवतातून कोरडी हवा जाते, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते, हवा गार होते आणि ओलसरही होते. एप्रिलमध्ये आपल्याकडे बाहेर ४१ अंश आणि आर्द्रता वीसच्या आसपास असते, म्हणून कूलर आपल्याकडे झकास चालतो, मुंबईत नाही. पण ती ओलसर हवा दुसऱ्या बाजूने बाहेर जायला वाट लागते. मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो, "समोरची खिडकी उघडी ठेवा." आमच्या घरी संध्याकाळी डास येतात म्हणून ती खिडकी बंद! दिव्याखाली अंधार तो हाच. कूलर तीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढत होता. तासाभराने ती फारशी गार होईना आणि ओल मात्र चढत गेली.

आपल्याला त्या हवेत बरं वाटतं, कारण अंगावर घाम असतो आणि वारा तो उडवतो. चिंचिलाच्या अंगावर उडवायला घामच नाही. म्हणून पंख्याचा झोतही त्याला फारसा कामाचा नाही. उलट ओल लवेत मुरते, लव गुठळते, बुरशी धरते. हवा खरोखर थंड आणि कोरडी असेल तरच त्याला सुख, आणि ते काम एसीचं. तापमान वीसच्या आसपास उत्तम, चोवीसपर्यंत चालतं, सव्वीस-सत्तावीसच्या पुढे धोका. आर्द्रता पन्नासच्या आत. घरात एक तरी एसीची खोली नसेल तर मराठवाड्यात चिंचिला पाळू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. कुणाला राग आला तरी चालेल.

दुसरा आरोपी डोक्यावर होता, स्लॅब. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. सहा इंची काँक्रीट दुपारभर ऊन पितं, आणि ते ऊन खालच्या बाजूला उतरायला काही तास लागतात. म्हणून बाहेर संध्याकाळची झुळूक सुरू होते, तेव्हा घरातलं छत सगळ्यात जास्त भाजत असतं. आपण समजतो ऊन उतरलं, जनावर सोडायला हरकत नाही. रात्री आठला हात वर करून छताजवळची हवा बघा. चिंचिला तर शोकेसच्या डोक्यावर जाऊन बसणारा. मी डबी शोकेसवर ठेवून पाहिली, खालच्यापेक्षा दोन अंश जास्त. गावाकडे आबांचं जुनं माळवदाचं घर आहे, लाकडी सऱ्यांवर हातभर पांढरी माती. तिथे मे महिन्यात दुपारी झोप लागते. ते सोडून आम्ही शहरात स्लॅब टाकला, त्याचं व्याज आता बोंड्या भरतोय, असं आबांचं म्हणणं.

मग उपाय. हॉलमधला खेळ बंद केला. आतल्या एसीच्या खोलीतून पलंगाखालचं सामान, वायरी, प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या, कारण तो दिसेल ते कुरतडतो. खेळ तिथेच, पहाटे पावणेपाच ते सव्वापाच, अर्धाच तास. एसी खेळाच्या तासभर आधीपासून चालू, झोत अंगावर येणार नाही असा वर वळवलेला. दार बंद. पिंजरा उंच टेबलावर होता तो खाली आणला, आणि तळाशी शहाबादी फरशीचा हातभर तुकडा ठेवला. बांधकामावरून उरलेला फुकट मिळतो, कडा घासून घ्यायच्या. फरशीचे दोन तुकडे आळीपाळीने फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवतो. खेळून आला की सरळ तिच्यावर जाऊन पोट टेकवतो. आता सपाट पडतो तो आजारी म्हणून नाही, हे कानाला बोट लावल्यावर कळतं. गच्चीवर चुन्याचे दोन हात मारले आणि हिरवी जाळी ताणली. शेजारी पऱ्हाट्या पसरतो, त्यानेही होतं, फक्त आगीची भीती. चौथ्या दिवशी कान दहा मिनिटांत निवायला लागले.

याच सुमारास लेकीने एक सूत्र पाठवलं, परदेशातले चिंचिला पाळणारे ते वापरतात. तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या, त्यात आर्द्रतेची टक्केवारी मिळवा. बेरीज १५० च्या पुढे गेली की धोका. हॉलचा हिशोब केला : ३१ अंश म्हणजे ८८, अधिक ६४, झाले १५२. बरोबर, नापास. मला सूत्र आवडलं. मग गंमत म्हणून दुपारच्या गच्चीचा हिशोब केला : ४१ अंश म्हणजे १०६, अधिक १८, झाले १२४. सूत्राप्रमाणे चिंचिलाला गच्चीवर सोडायला हरकत नाही! तिथे तो अर्धा तास जगणार नाही. दमट हवेच्या मुलखात ते सूत्र ठीक असेल, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते फसवं आहे. "जगात जर्मनी, भारतात परभणी" म्हणतात ते उगाच नाही, इथे बाहेरचे हिशोब आपल्या तराजूवर पुन्हा तोलून घ्यावे लागतात. म्हणून मी दोन अटी वेगवेगळ्या धरतो : तापमान चोवीसच्या वर नको, आणि आर्द्रता पन्नासच्या वर नको. एकीने दुसरीला सांभाळून घेऊ द्यायचं नाही.

मे महिन्यात पहाटसुद्धा कामाची राहिली नाही. बाहेर पहाटे पाचलाही अठ्ठावीस. ज्या दिवशी एसी पुरत नाही आणि खोली पंचविसाच्या खाली येत नाही, त्या दिवशी खेळ रद्द, पिंजऱ्यातलं चाकही काढून ठेवायचं. चाक समोर दिसलं की तो रात्री पळणारच, त्याला ऊन-बिन कळत नाही. एक-दोन दिवस न पळाल्याने काही बिघडत नाही. कुरतडायला लाकडाचे तुकडे आणि सुकं गवत भरपूर दिलं की दातही झिजतात आणि वेळही जातो.

जुलैत पाऊस लागला, आम्ही हुश्श केलं, आणि आठवडाभरात कान पुन्हा लाल. आता मात्र मी आधी डबी बघितली. पाऊस पडला म्हणून एसी बंद केला होता. खोलीत २७ अंश आणि आर्द्रता ७८. दुखणं तेच, कारण उलटं. एसीला ड्राय मोड असतो, रिमोटवर थेंबाचं चित्र, तो पावसाळ्यात लावायचा. खोलीत ओले कपडे वाळत टाकायचे नाहीत. आमच्या घरात दोरी तिथेच होती, त्यावरून थोडं वाजलं. धुळीची भुकटीही या दिवसांत ओल धरते. डबा घट्ट लावून ठेवायचा आणि गोळे दिसले की फेकायची.

राहिला प्रश्न विजेचा. भारनियमन नाही म्हणतात, पण दुपारी बारा ते तीन डीपी उडते तिला कुणी काय करणार. घरचा साधा इन्व्हर्टर पंखे-दिवे चालवतो, एसी नाही. त्यासाठी फ्रीजरमध्ये लिटर-लिटरच्या चार बाटल्या पाणी भरून कायम गोठवलेल्या. लाइट गेली की दोन बाटल्या जुन्या मोज्यांत घालून पिंजऱ्यात ठेवायच्या. मोजा जाड हवा, नाहीतर तो प्लास्टिक कुरतडतो आणि बाटलीवरच्या दहिवराने लवही भिजते. उरलेल्या दोन परातीत, पिंजऱ्याबाहेर, मागून इन्व्हर्टरवरचा टेबलपंखा. खिडकीला आतून थर्माकोलचा पत्रा, दाराच्या फटीला पोतं, आणि ते पोतं कोरडं. आमच्या आईने सवयीने एकदा ते ओलं करून लावलं होतं. दार उघडायचं नाही, "बघू तरी कसा आहे" म्हणूनही नाही. एवढ्यावर आमची खोली साधारण दोन तास धरते. त्याहून जास्त वेळ गेली तर खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे, त्यांच्या डोक्यावर स्लॅबचं ऊन येत नाही. काकूंना आधी त्याची किळस यायची, उंदीर म्हणायच्या. आता लाइट गेली की त्याच वरती आवाज देतात, "आणा हो पोराला खाली."

फ्रीजरमध्ये त्या चार बाटल्यांमुळे कैरीच्या फोडींना जागा उरत नाही, ही घरचीची तक्रार अजून सुटलेली नाही.